एक फूट सात इंचांचा नागप्पा

हूटगळ्ळी, तिसरा क्रॉस
आषाढातला तिसरा शुक्रवार

तीर्थस्वरूप जगन्नाथमामांच्या चरणी,

तुमचा भाचा प्रद्युम्न ऊर्फ पद्दू याचा दोन्ही हात, दोन्ही गुडघे आणि जमेल तेवढं कपाळ टेकून नमस्कार. मामींनाही सांगा. तुमचे गुडघे कसे आहेत? सोसले गावच्या मठाच्या पायऱ्या चढताना उजवा कुरकुरतो की डावा, हे मागच्या कार्डावर तुम्ही लिहिलं होतं, पण नेमकं तिथेच पोस्टाचा शिक्का बसला. तपकीर सोडलीत हे मामींच्या फोनवरून कळलं. आईला तर विश्वासच बसेना. ती म्हणाली, लग्नात सासऱ्यांनी दिलेली पितळेची डबी बेट्टदपुरच्या डोंगरावर माकडाने पळवली, तेव्हासुद्धा जगू कागदाच्या पुडीतून ओढत होता, आता काय सोडतो. (ती माकडाची गोष्ट मामी अजून सगळ्यांना सांगतात. माकड पायरीवर बसून शिंकलं, हा भाग मला फार आवडतो.)

पत्राला खास कारण असं काही नाही. सहजच, सुम्ने म्हणतात तसं. फोन का नाही केला म्हणाल, तर फोनवर तुम्हाला ऐकू येण्यासाठी मला जेवढं ओरडावं लागतं तेवढं ओरडलं की तिसऱ्या क्रॉसपासून पाचव्या क्रॉसपर्यंत सगळ्यांना ऐकू जातं, आणि सध्या आमच्या घरच्या गोष्टी शेजारी ऐकू जाणं बरं नाही. ते का, हेच सांगायला बसलो आहे. पण आधी माझी खुशाली.

डिप्लोमाची तीन सेमिस्टर झाल्यावर मी कॉलेज सोडलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. नंतर गोकर्णाला एका परदेशी बाईच्या हॉस्टेलमध्ये पाहुण्यांच्या चपला राखल्या, हंपीला सायकली भाड्याने दिल्या (माझ्या नव्हत्या), मडिकेरीला एका कॉफीच्या मळ्यात मिरी मोजायला लागलो, तिथे जळवांनी माझ्यावर एवढं प्रेम केलं की परत आलो. आईने दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "आलास? हात धू, सारू गरम आहे." बास. कुठे होतास नाही, काय करतोस नाही. त्या सारूची शपथ घेऊन मी ठरवलं की आता म्हैसुरातच काहीतरी करायचं आणि आईला सुख द्यायचं. मामा, सगळा घोटाळा त्या क्षणाला सुरू झाला.

आता तुम्ही नोकरीत होता तेव्हाची हूटगळ्ळी डोळ्यांसमोर आणा आणि पुसून टाका. तुमच्या काळी जमिनीची मोजणी म्हणजे सरकारी माणूस, आणि आमच्याकडे सरकारी माणूस म्हणजे तुम्ही. अर्ज दिला की आठ महिने, कधी वर्ष. लोक तुमच्या खात्याला शिव्या देत, हे मी लहानपणी दाराआडून ऐकलं आहे. पण सरकारने मोजणीचं दार खाजगी लोकांना मोकळं केल्यापासून काय झालंय म्हणता! बसस्टॉपपासून आमच्या घरापर्यंत अकरा मोजणीची ऑफिसं. त्यातलं एक झेरॉक्सवाल्याचं आहे, एक सलूनच्या माडीवर, आणि एक तर इडलीच्या गाडीवाल्याच्या पुतण्याचं. तो सकाळी साडेनऊपर्यंत इडल्या देतो आणि दहा वाजता तिपाई खांद्यावर टाकून साइटवर जातो. पाट्या वाचत चाललं तर मान दुखते. 'चाळीस मिनिटांत हद्द दाखवू.' 'दोन बाजू मोजा, तिसरी मोफत.' दसऱ्यात एकाने मोजणीवर कुकर दिला. सगळ्यात मोठी पाटी आहे ती म्हणते, 'आमच्या मोजणीत जागा कधीच कमी भरत नाही.' तिथे रांग असते.

आणि मोजणी एकटी येत नाही मामा, वऱ्हाड घेऊन येते. बंगळूर रोडला ग्रॅनाइटचे ओटे घडवणारे सगळे हद्दीचे दगड घडवायला इकडे आले. कंपाउंड बांधणारे गवंडी आधी आठवड्याने यायचे, आता मोजणीवाल्याच्या स्कूटरवर मागच्या सीटवर बसूनच येतात. रंगाच्या दुकानात तांबड्या स्प्रेचे डबे दुधासारखे सकाळी संपतात. आमच्या मिलिंदने (माझा मालक, त्याच्याबद्दल सांगतोच) एकदा मौज म्हणून आमच्या लेआउटमधल्या सगळ्या साइटचे, म्हणजे एकेका प्लॉटचे, अकराही ऑफिसांचे आकडे एकत्र करून बेरीज केली. लेआउट चार साइट मोठा निघाला. या चार साइट कुठे आहेत कुणाला माहीत नाही, पण त्यातली एक कोपऱ्याची आहे आणि तिला गिऱ्हाईक आलं आहे असं ऐकतो.

मिलिंद साताऱ्याकडचा. पंधरा वर्षांपूर्वी कॉम्प्युटरच्या नोकरीला म्हैसुरात आला, खुर्चीवर बसून पाठ धरली, म्हणून उभं राहायचा धंदा काढला. 'सरळरेषा' नाव. माणूस चांगला आहे, मोजणी खरी करतो, म्हणून धंदा चालत नाही. तो शुद्ध मराठी बोलतो आणि माझं ऐकून हसतो. 'उभा राहतो' म्हणायच्या जागी मी म्हटलं, आयतु, आता दांडा धरून निंतो, तर तो तिपाई सोडून जमिनीवर बसून हसला. (तीन वर्षं इथे राहणारा त्याचा सातारचा मेहुणा आता स्वतः अय्यो म्हणतो, त्याला कुणी हसत नाही.) काम असं की मिलिंद मशीनमधून बघतो आणि मी आरसा बसवलेला दांडा घेऊन तो सांगेल तिथे उभा राहतो. मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी एका जागी उभं राहायचे पैसे देतं आहे. पण पक्की नोकरी हवी तर महिन्यात पाच गिऱ्हाइकं आणायची अशी अट होती. एकोणतीस दिवस झाले, गिऱ्हाइकं शून्य. मला वाटलं, घरापासून सुरुवात करू.

आई नको म्हणाली. एकदा नाही, तीनदा. पहिल्यांदा भाजी निवडताना, दुसऱ्यांदा भाजी फोडणीला टाकताना, तिसऱ्यांदा ताट वाढून माझ्यासमोर आदळताना. "बेडा रे पद्दू. सगळं जागच्या जागी आहे ते बघवत नाही का तुला?" मला वाटलं, फुकटची मोजणी म्हणून संकोच करते आहे. दुसऱ्या दिवशी ती आषाढ शुक्रवारची चामुंडीला गेली, आणि चामुंडीची आषाढातली गर्दी तुम्ही जाणताच, संध्याकाळशिवाय परत येणं नाही. मी मिलिंदला बोलावलं.

आता आमच्या मागच्या अंगणाची उजळणी करतो, कारण तुम्ही तीन-चार वर्षांत आला नाहीत. पश्चिमेला आम्ही, पूर्वेला सुधींद्रकाका आणि जानकीकाकू. मध्ये भिंत नाही, कधीच नव्हती. एक धुण्याचा दगड, कढीपत्त्याचं झाड आणि अगदी मागच्या कोपऱ्यात आपला नागप्पा. नागप्पा म्हणजे खरं तर हद्दीचाच दगड, पण त्याला हळदकुंकू लागून तीस वर्षं झाली. काकूंना मूल होत नव्हतं, कुणीतरी अठ्ठेचाळीस दिवस नागाला प्रदक्षिणा सांगितल्या, जवळपास नागाचा कट्टा नव्हता, म्हणून आईने याच दगडाला हळद लावून नागप्पा केलं. पंचाईत एवढीच होती की दगडाला लागूनच काकांची पाण्याची टाकी होती, पोटात श्वास धरूनसुद्धा फेरी घालता येईना. मग काका-काकू सुब्रह्मण्य क्षेत्री नागाला नवस बोलायला गेले, आणि परत येऊन बघतात तर नागप्पा टाकीपासून सरकून मोकळा उभा! देवाने जागा दिली म्हणून काकूंनी तिथेच लोटांगण घातलं. पुढच्या वर्षी देवश्री झाली. ही गोष्ट तुम्ही हजारदा ऐकली असेल, तरी लिहिली, कारण अजूनही पाचव्या क्रॉसवरून बायका 'सरकलेल्या नागप्पा'ला दूध घालायला येतात. नंतर टाकी गेली आणि चार वर्षांपूर्वी, काकूंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यावर, काकांनी तिथे खालच्या खाली न्हाणीघर बांधलं. भिंतीला धरायला लोखंडी दांडी, बसायला कडप्प्याचं बाक. वरच्या मजल्यावरचं न्हाणीघर आता काकूंना एव्हरेस्टसारखं आहे.

तर मिलिंदने पुढचा दगड धरला, नकाशा धरला, मशीन फिरवलं. मला म्हणाला, मागच्या कोपऱ्यात उभा राहा. मी नागप्पाशी चप्पल काढून उभा राहिलो. तो म्हणाला, पूर्वेला सरक. सरकलो. अजून सरक. मी न्हाणीघराच्या भिंतीला टेकलो. तो म्हणाला, अजून. मी म्हटलं, साहेब, आता मी सरकलो तर काकूंच्या बादलीत बसेन. एक फूट सात इंच, मामा. नागप्पा जिथे असायला हवा तिथून एक फूट सात इंच आमच्या बाजूला होता, आणि काकूंच्या न्हाणीघराचा कोपरा आमच्या जागेत.

इथे शहाण्या माणसाने आरशाचा दांडा गुंडाळून घरी जाऊन सारू प्यायलं असतं. मी स्प्रेचा डबा काढला. का काढला ते मला अजून समजत नाही. ऑफिसचा नियम होता की मोजणी झाली की रेघ मारायची, आणि आयुष्यात मी पाळलेला तो पहिला नियम. धुण्याच्या दगडावरून, काकूंच्या रांगोळीवरून, न्हाणीघराच्या पायरीवरून आणि सरळ दारावर. दाराच्या आत काकू 'पवमान' भजन म्हणत अंघोळ करत होत्या. त्या बाहेर आल्या तेव्हा रंग ओला होता. त्यांनी दार बघितलं, रेघ बघितली, मला बघितलं, नागप्पाकडे जरा जास्त वेळ बघितलं. एवढंच म्हणाल्या, "पद्दू, तुझ्या आईला विचारलंस का रे?"

मला वाटलं होतं, भांडण होईल. लेआउटमध्ये रोज होतात. मोजणी स्वस्त झाल्यापासून भांडण हा इथला मुख्य व्यवसाय आहे. चौथ्या क्रॉसवर दोन भाऊ एका शेवग्याच्या झाडासाठी तीन मोजणीवाले घेऊन उभे होते. पण आमच्याकडे भांडणसुद्धा धड होईना. सुधींद्रकाका कसे आहेत तुम्हाला माहीत आहे. बत्तीस वर्षं गणित शिकवलं, अजून खिशात खडू असतो. त्यांनी आधी दुसरा मोजणीवाला बोलावला, तो मोठ्या पाटीचा. त्याने वीस मिनिटांत निळी रेघ मारली ती आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालून. म्हणाला, सर, तुमची जागा उलट दोन फूट यांच्याकडे आहे. काकांनी त्याला हाताला धरून फाटकाबाहेर काढलं. "पैसे मी दिले म्हणून जागा माझी वाढली? माझ्या वर्गात असतास तर बाकावर उभा केला असता!" मग सगळ्यांसमोर खडू हलवत त्यांनी आपला सिद्धांत मांडला की जो माणूस स्वतःच्या फायद्याचं सांगतो त्याचं तपासून घ्यावं, आणि जो स्वतःच्या तोट्याचं सांगतो त्याचं न तपासता मानावं. सरळरेषाची मोजणी माझ्या तोट्याची आहे, म्हणून खरी. दुसऱ्याच्या जागेत मी एक तांब्याही ओतून घेणार नाही. न्हाणीघर पाडणार.

आणि ते खरंच पाडणार आहेत, मामा. गवंडी येऊन माप घेऊन गेला. काकू वरच्या मजल्यावर कशा जाणार, हे त्यांना विचारलं तर म्हणतात, पायरी-पायरीने. स्वतः तर त्याच दिवसापासून वर जाऊन थंड पाण्याने अंघोळ करतात (गिझर खाली आहे). काकूंनी एवढंच केलं की नागपंचमीच्या आधी जमीन खणायची नसते, कुदळ लावायची नसते, असं सांगून गवंड्याला पुढे ढकललं. पंचमीचा दुसरा दिवस ठरला आहे. शिवाय तोवर तांबडी रेघ कुणी ओलांडायची नाही असा काकांचा हुकूम. म्हणजे आईने तिकडे जायचं नाही, काकूंनी इकडे यायचं नाही. आमचं अंगण निळ्या-तांबड्या रेघांनी कबड्डीच्या मैदानासारखं दिसतं, फक्त खेळायला कुणी येत नाही. भीमन अमावास्येला काकू नवऱ्याचे पाय कशा पूजणार ते मला बघायचं आहे. दोघांत 'मीठ दे' याच्या पलीकडे बोलणं नाही.

आईचं सांगू? आईने चामुंडीहून आल्यावर प्रसादाची पिशवी खाली ठेवली, रेघ बघितली आणि आत जाऊन देवापाशी दिवा लावला. मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ दे, एक फुटाने काय होतंय, राहू दे न्हाणीघर. काका म्हणालेसुद्धा, "वेदवतीबाई, काही खुलासा असेल तर करा. लिहून द्या, की ही जागा तुम्ही राजीखुशीने दिली, कधी, का. तारीख घाला. दयेची जागा मला नको." मोजणीत जे आलं ते आलं, एवढंच आई म्हणाली. आता लेआउटमधले लोक म्हणतात, वेदवतीबाई वरून शांत, पण बघा, इंच सोडला नाही, मुलाला मोजणीत घातलंच त्यासाठी. किराणावाल्याकडे मी हे स्वतःच्या कानांनी ऐकलं. आईनेही ऐकलं असणार. ती फक्त गूळ जास्त दे म्हणाली.

तीस वर्षं रोज चार वाजता त्या दोघी धुण्याच्या दगडावर बसून कॉफी प्यायच्या. आई अजूनही दोन पेले करते. हात थांबतच नाही तिचा. मग एक पिते आणि दुसरा कढीपत्त्याच्या बुंध्याला ओतते. त्या झाडाला आता दुपारी झोप येत नसेल. (हसायला लिहिलं मामा, पण बघताना हसू येत नाही.)

तेव्हा मला तुमच्या खात्याचे ते आठ महिने समजले. चिडलेला माणूस अर्ज द्यायचा आणि अर्ज दिलाय म्हणत आठ महिने छाती काढून फिरायचा, तेवढ्यात मुलीचं लग्न निघायचं, शेजारी मांडवाला बांबू द्यायचा, आणि मोजणीवाला येईपर्यंत दोघं विसरलेले असायचे की भांडण कोणत्या कोपऱ्यावरून होतं. आता राग गरम असतानाच चाळीस मिनिटांत माणूस येतो, आणि राग दगडात बसवून जातो. आई सांगायची, तुम्ही पहिल्या खेपेला नुसती दोन्ही घरी कॉफी प्यायचात, दुसऱ्या खेपेला कागद ऑफिसात विसरायचात, आणि तिसऱ्या खेपेला लोखंडी साखळी काढून एक टोक याच्या हातात द्यायचात, दुसरं त्याच्या. म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की साखळी सैल होती. दोघांनीच ताणलेली असायची. मिलिंदच्या मशीनला असं टोकच नाही. तुमच्या सगळ्या नोकरीत एक दगड इकडचा तिकडे झाला नाही, असं तालुक्यात अजून म्हणतात.

असो. मी मजेत आहे. मिलिंदने मला पक्कं केलं, कारण आमच्या अंगणातल्या भांडणानंतर पाच नव्हे, नऊ गिऱ्हाइकं आली. मी त्यातल्या सातांना सांगितलं की आधी शेजाऱ्याकडे कॉफी पिऊन या, मग मोजू. त्यातली पाच परत आलीच नाहीत. मिलिंद म्हणतो, अशाने धंदा बुडेल. त्याचा आवाज मात्र तसा रागावलेला वाटला नाही.

मामींना नमस्कार. गुडघ्यांना तीळतेल चोळा. मठात माझं नाव घेऊन एक पळी तीर्थ जास्त घ्या.

तुमचा आज्ञाधारक (या वेळी खरंच),
पद्दू

ता. क. – वर 'खास कारण नाही' लिहिलं ते खोडावं म्हणत होतो, पण कागद घाण होतो. कारण आहे. पंचमीच्या आत या. साखळी घेऊन या. टी. नरसीपूरला बस बदलावी लागणार नाही अशी सकाळची एक सरळ बस आहे, मी कंडक्टरला विचारून ठेवलं आहे, तो तुम्हाला पुढची सीट देईल. स्टँडवर मी येतो. साखळी जड आहे, पण तुम्ही धरायची नाही, दोघींनी धरायची आहे.

ता. क. २ – आणखी एक. परवा आईने माळ्यावरून लोणच्याची बरणी काढायला सांगितली. तिथे तुमची सोसलेला जाताना ठेवलेली ट्रंक आहे. मी उघडायला नको होती, पण माझ्या हाताला कुलूप दिसलं की खाज सुटते, आणि ते कुलूप नुसतं अडकवलेलं होतं. तुमच्या जुन्या मोजणीच्या वह्या. त्र्याण्णव सालच्या वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने तुमच्या अक्षरात लिहिलं आहे: 'वेदाचा मागचा दगड १ फूट ७ इंच पश्चिमेस घेतला, वेदाच्याच जागेत. शेजारीणबाईंना फिरायला जागा हवी. कागदावर नोंद नाही. देव क्षमा करो, साहेबांना न कळो.'

मी वही घेऊन आईसमोर उभा राहिलो. तिने ती हिसकावून पदराखाली घेतली. म्हणाली, जगूने जन्मात एक दगड हलवला, तोही मी रडून मागितला म्हणून; त्याचं नाव मी अंगणात आणू? आणि जानकी तीस वर्षं म्हणते आहे की देव सरकला. तिला मी आता सांगू की देव सरकला नाही, माझ्या भावाने सरकवला? लोकांनी मला हावरट म्हटलं तर म्हणू दे. मी म्हातारी आहे, मला पचतं.

मामा, मी तीन सेमिस्टर शिकलेला माणूस आहे, पण एवढं मला कळतं की काका आईचं मानणार नाहीत, माझं तर नाहीच. पण तुम्ही फाटकात उभं राहून म्हणालात की हा दगड मी हलवला, तर ते तुमच्या तोट्याचं बोलणं होईल. काका ते न तपासता मानतील. त्यांचाच सिद्धांत आहे. तारीखसुद्धा वहीत आहे. तुमचं नाव जाईल थोडं, हे मला कळतं. एक फूट सात इंचच जाईल.

ता. क. ३ – तुम्ही येणार नाही असं वाटून मी हे पत्र दोन दिवस खिशात ठेवलं होतं. आज दुपारी मी थिनर घेऊन न्हाणीघराच्या दारावरची रेघ घासत बसलो होतो (काका मुलांना शिकवायला गेले होते). काकू आतून दांडी धरत धरत आल्या, रेघेच्या पलीकडेच थांबल्या आणि पदराच्या गाठीतून एक वस्तू काढून माझ्या हातावर ठेवली. पितळेची डबी. झाकणावर मामींच्या वडिलांचं नाव.

सुब्रह्मण्याहून आले त्या दिवशी नागप्पाच्या बुडाशी, ओल्या मातीत मिळाली, म्हणाल्या. मी विचारलं, म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून...? त्या म्हणाल्या, "अय्यो, देव काय तपकीर ओढतो का रे? पण वेदाने एवढं करून तोंडातून शब्द काढला नाही, मग मी कसा काढू? तिला वाटलं असतं, हिला उपकाराचं ओझं झालं. देव सरकला म्हटलं की दोघी सुटलो." मग मला दम भरला की त्यांना माहीत आहे हे आईला सांगायचं नाही. आईने मला दम भरला आहे की काकूंना सांगायचं नाही. मी दोघींच्या मध्ये हातात थिनर घेऊन बसलो आहे.

जाताना काकू एवढंच म्हणाल्या, जगन्नाथरावांना लिही, डबी पुसून ठेवली आहे, येऊन घेऊन जा म्हणावं, साखळीचं एक टोक मी धरेन.

डबी नागप्पाजवळच ठेवली आहे, हळदीच्या वाटीमागे. मामींना काय सांगायचं ते तुम्ही बसमध्ये ठरवा. माकडाबद्दल मी तोंड उघडणार नाही.